डावीकडच्या माळेतली राजेळी

माझ्या नवऱ्याचं नाव अखेर बॅसिलिकेत लागलं. वर फ्रेंचमध्ये, खाली इंग्लिशमध्ये, काचेच्या पाटीवर, लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत. वीस वर्षं मला तेच हवं होतं. ते लागावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्याच्या हातचं तिथलं एकुलतं एक काम त्या तोंडापायी गेलं. काम होतं तेव्हा नाव नव्हतं, आता नाव आहे तर काम नाही. दोष द्यायला दुसरं कुणी सापडतं का, हे मी बरेच महिने शोधून पाहिलं. सापडलं नाही.

मी नोरा तुस्कानो. वसईची, तिथल्या गास गावची सून, आणि गेली पंचवीस वर्षं मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालची. कोणती बॅसिलिका ते सांगत नाही. मॉन्ट्रियलमध्ये जुन्या चर्चना तोटा नाही, त्यातलं कुठलंही समजा. माझा नवरा कास्मिर तिथे मेंटेनन्सला होता. बॉयलरपासून बाकांच्या खिळ्यांपर्यंत सगळं त्याच्याकडे. त्याच्या ओळखीने मीही तिथे लागले. आल्तारावरची, म्हणजे वेदीवरची फुलं, मेणबत्त्या, वस्त्रांची इस्त्री आणि बाजूच्या चॅपलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.

हे सगळं घडलं ते त्या बाजूच्या चॅपलमध्ये. आमची बॅसिलिका तशी जुनी असली तरी दीड-दोनशे वर्षांची. पण हे चॅपल तिच्याहून पुष्कळ म्हातारं. इटलीतल्या कुठल्याशा गावात रस्त्यासाठी एक देऊळ पाडत होते (आम्ही वसईवाले चर्चला देऊळच म्हणतो), तेव्हा इथल्या एका बिशपने त्यातल्या चॅपलची सजावटच्या सजावट उचलली, पेंढ्यात बांधली, पेट्यांत भरली आणि बोटीने आणून इथे पुन्हा भिंतीला लावली. चारशेहून जास्त वर्षांचं काम. त्याला मॅनरिस्ट म्हणतात. हा शब्द मला आमचे जुने फादर रोझेर यांनी शिकवला. ते म्हणायचे, मोठमोठ्या उस्तादांनी माणसाचं अंग हुबेहूब काढून दाखवल्यावर पुढच्या पिढीला करायला काही उरलं नाही. मग त्यांनी तेच अंग ताणलं, पिळलं, वळवलं.

पहिल्यांदा आत गेलं की वाटतं, कुणाची तरी मापं चुकलीत. मधल्या चित्रात देवदूत गॅब्रिएल पवित्र मारियेला निरोप द्यायला आलाय. मारियेची मान हवी त्याहून चार बोटं लांब, हाताची बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी. देवदूताचा झगा उजेडात गुलाबी आणि घडीत हिरवा. चित्राभोवती सगळं गिलाव्याचं काम. तोंड वेडावणारे मुखवटे, कमरेखाली पानंच पानं झालेल्या बायका, आणि वरच्या दोन कोपऱ्यांत पंखवाली दोन गुबगुबीत बाळं. दोघांच्या हातांतून फळांची एकेक जाड माळ खाली सुटलेली, एक डावीकडे, एक उजवीकडे. द्राक्षं, डाळिंबं, अंजिरं, लिंबं.

"ह्या देवदूताचा गुडघा बघ," कास्मिर मला म्हणायचा. "माझा असा वळला तर मी सहा महिने उठणार नाही." पण टवाळी करता करता तो तिथे उभाच राहायचा. त्याचा बाप गासला दोन कामं करायचा. एक म्हणजे केळीची वाडी, आणि दुसरं, आसपासच्या देवळांतल्या आल्तारांचा गिलावा दुरुस्त करणं. दोन्ही कास्मिरच्या हातात उतरलं होतं. इथे येऊन तो बॉयलरच्या वाफेत राबला, पण भिंत दिसली की त्याचा तळवा आपोआप तिच्यावर जायचा.

दोन हजार चारच्या जानेवारीत, उणे तीस असताना, चॅपलच्या मागच्या भिंतीतला पाइप फुटला. डावीकडच्या माळेचा खालचा निम्मा भाग भिजून खाली आला आणि फरशीवर त्याचा चुरा झाला. फादर रोझेरनी डोक्याला हात लावला. वारसा समितीला कळवावं तर ते चॅपलला टाळं लावणार आणि कागद फिरवत बसणार. फादरना ईस्टरला चॅपल उघडं हवं होतं. त्यांनी कास्मिरला ऑफिसात बोलावलं आणि विचारलं, "तुस्कानो म्हणजे तुमचे पूर्वज टस्कनीचे ना? हे काम तुमच्या रक्तात असेल."

आता सांगा, ह्याला काय म्हणावं? चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज पाद्रीने पाणी शिंपडून नाव दिलं, म्हणून आम्ही तुस्कानो. आमचे पूर्वज तेव्हा पानवेल आणि केळी लावत होते. टस्कनी त्यांनी स्वप्नातसुद्धा पाहिली नसेल. पण कास्मिरने दुरुस्ती केली नाही. तो म्हणाला, "वी, मों पॅर," म्हणजे हो, फादर, आणि काम घेऊन बाहेर आला. फादरनी एकच अट घातली, कुणाला कळता कामा नये. कास्मिरने शब्द दिला.

पूर्ण उपवासकाळ तो त्या कामावर होता. सकाळची मिस्सा संपली की निळ्या ताडपत्रीच्या आत जायचा आणि दुपारी बाहेर यायचा. चुना आमच्या बेसमेंटमध्ये दोन वर्षांपासून बादलीत मुरत पडलेला होताच. लोक लोणचं मुरवतात, हा चुना मुरवायचा, का म्हणून विचारलं तर म्हणायचा असू दे. संगमरवराची भुकटी त्याने थडगी घडवणाऱ्याकडून आणली. त्यात बापाच्या पद्धतीने गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. गूळ पार्क एक्स भागातल्या देशी दुकानातला. हिरडा माझ्या नणंदेने खोकल्यासाठी पाठवलेला. मी खोकत बसले आणि हिरडा इटलीच्या माळेत गेला.

त्याच दिवसांत गासहून फोन आला. त्याचा बाप गेला. आमचे पेपर्स तेव्हा अडकलेले, देश सोडून जाता येत नव्हतं. वाडी आधीच बिल्डरला गेली होती, घड उतरवायलाही कुणी थांबलं नव्हतं म्हणे. कास्मिर दुसऱ्या दिवशी वेळेवर ताडपत्रीच्या आत गेला.

काम संपलं त्या दिवशी त्याने मला आत बोलावलं. "ओळख," म्हणाला. मी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. नवीन कुठलं आणि जुनं कुठलं, मला खरंच कळेना. तीच द्राक्षं, तेच डाळिंब, तीच चारशे वर्षांची धूळ बसल्यासारखी कड. मग नजर खाली आली. माळेच्या शेवटी, जिथे मूळचं काय होतं ते कुणाला आठवत नव्हतं आणि फोटोही सापडला नव्हता, तिथे केळी होती. सात. साधी नाहीत, आमची राजेळी. धारदार कडा, टोकाला चोच, आणि सगळ्यांत खालचं एक जास्त पिकून थोडं उकललेलं.

"बाच्या वाडीतली," तो म्हणाला.

मी रडले. तो रडला नाही, त्याने ओल्या फडक्याने हात पुसले. मग म्हणाला, "कुणाला सांगू नको हं. डिम्पललाही नको, पोर शाळेत बोलेल. फादरना शब्द दिलाय. आणि एकदा कळलं ना, की लोक त्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात."

डिम्पल आमची मुलगी. तेव्हा बारा वर्षांची होती.

मी गप्प बसले, पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे त्याचा त्रास सगळा कास्मिरला व्हायचा. काही वर्षांनी चॅपलवर एक गुळगुळीत पुस्तिका निघाली. त्यात डावीकडच्या माळेचं पानभर कौतुक होतं आणि खालच्या फळांना 'दुर्मीळ जातीच्या काकड्या' म्हटलेलं. काकडी हे पुनरुत्थानाचं चिन्ह, असंही पुढे होतं. बसमध्ये वाचताना आम्ही दोघं इतके हसलो की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. पण घरी आल्यावर माझं डोकं फिरलं. "हसतोस काय? तुझं नाव कुठे आहे ह्यात?"

"माझं नाव गासच्या देवळात आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत."

"आणि इथे?"

"इथे केळी आहेत ना," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

फादर रोझेर गेले. एकवीस साली कास्मिरही गेला, आणि ते दिवस असे की मातीला दहाच माणसं उभी राहू शकली. त्याची कबर लव्हालला आहे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तिच्यावर बर्फ असतं, दगडाचं टोकसुद्धा दिसत नाही. शोव्हल घेऊन जायचं वय माझं राहिलं नाही. म्हणून मी चॅपलमध्ये बसायचे. फुलं बदलून झाली की पहिल्या बाकावर बसून त्या सात केळ्यांकडे बघायचे, घरच्या गोष्टी सांगायचे, डिम्पलने ओकव्हिलला घर घेतलं तेही तिथेच सांगितलं. मला दुसरी कबर लागलीच नाही.

मागच्या वर्षी समितीने चॅपलचं मोठं काम काढलं. परांच्या बांधल्या, दिवे लावले, पांढऱ्या कोटातली माणसं आली. जूनमधली गोष्ट. मी खाली फुलदाणी धुऊन आणत होते. वर परांचीवर एक मुलगी होती, तोंडाला मास्क. तिच्या हातातून ब्रश निसटला आणि खाली येऊन टाण्णकन वाजला.

"च्यायला!" वरून आवाज आला.

"जपून गं बाई," मी खालून म्हटलं.

मराठी ऐकून ती मुलगी परांचीवरून जवळजवळ पडलीच. गौरांगी तिचं नाव, सांगलीची. इथल्या युनिव्हर्सिटीत जुन्या वस्तू जपण्याचं शिक्षण घेतलेलं, वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टवर ह्या कामाला लागलेली. मला काकू म्हणायला लागली. आमच्यात आन्टी म्हणतात, पण काकू ऐकायला गोड लागलं. मी तिच्यासाठी डबा आणायला लागले. ती जेवताना एका हाताने फोनवर पीआरचं स्टेटस बघत बसायची.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी आम्ही सॅक्रिस्टीत, आल्तारामागच्या खोलीत, जेवत होतो. ती म्हणाली, "काकू, एक वीअर्ड गोष्ट झालीय. डावीकडच्या माळेचं सॅम्पल लॅबला पाठवलेलं. त्यात शुगर आलीय. सोळाव्या शतकातल्या इटालियन प्लास्टरमध्ये ऊस कुठून येणार? मला काही फिगर आऊटच होत नाहीये."

"ऊस नाही गं, गूळ," मी म्हटलं.

एवढंच म्हणायचं नव्हतं मला. तेवढंही म्हणायचं नव्हतं. पण वीस वर्षांत हा विषय कुणी माझ्यापुढे मराठीत काढलाच नव्हता. फ्रेंचमध्ये गप्प बसणं सोपं असतं, मुळात बोलणंच जड. मराठीत विचारल्यावर सगळं आपोआप बाहेर आलं. पाइप, ताडपत्री, हिरडा, बाप, वाडी, राजेळी. बोलताना मला इतकं हलकं वाटत होतं की तिचा चेहरा उतरत चाललाय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"का? चांगलं नाहीये?"

"खूप चांगलं आहे, तोच प्रॉब्लेम आहे. रूल असा आहे, मूळ कामात नंतर कुणी, परवानगीशिवाय, रेकॉर्ड न ठेवता भर घातली असेल आणि ती ओळखू येत नसेल, तर ती काढायची. जागा प्लेन ठेवायची. म्हणजे बघणारा फसत नाही."

"आणि त्याने कच्चं काम केलं असतं तर?"

"तर कदाचित लोकल रिपेअर म्हणून राहू दिलं असतं." तिने डबा बंद केला. मग विचारलं, "काकांना काय हवं होतं?"

"ते तिथे राहावं, एवढंच," मी म्हटलं. हे मला माहीत होतं. हे मी माझ्या तोंडाने म्हटलं, म्हणून लिहून ठेवते. मला माहीत नव्हतं असं नंतर म्हणायची सोय राहू नये.

"ओके. मी रिपोर्टमध्ये लिहिते, सेंद्रिय पदार्थ, उगम अस्पष्ट. ते खोटं नाही. जुने लोकही काय काय घालायचे प्लास्टरमध्ये. बाकी कुणाला काही दिसणार नाही, मलासुद्धा दिसलं नव्हतं. तुम्ही फक्त गप्प बसा. प्लीज, काकू."

मी येशूची शपथ घेतली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात समिती आली. पाच-सहा माणसं आणि त्यांचे प्रमुख प्रोफेसर गिमों, उंच, गळ्यात मफलर, बोलताना डोळे मिटणारे. मी किल्ल्या घेऊन दाराशी उभी होते. गौरांगी वर परांचीवर दिवा धरून. गिमोंनी माळेचं वर्णन सुरू केलं. काय सांगू, ऐकत राहावं असं बोलत होते. ही वळणं बघा, हा भार बघा, ह्या काकडीची उकललेली साल बघा, अख्ख्या चॅपलमध्ये मृत्यूचा एवढा हळवा उल्लेख दुसरीकडे नाही. मी मान खाली घालून ऐकत होते आणि छाती भरून येत होती.

मग समितीतली एक बाई म्हणाली, "खालचा भाग जरा ताजा नाही वाटत? फाइलमध्ये दोन हजार चारच्या गळतीची नोंद आहे. तेव्हाच्या मेंटेनन्सवाल्याने काही केलं असेल का?"

गिमों हसले. वाईट हसणं नव्हतं, पण हसले. "मादाम, मेंटेनन्सवाल्याने हात लावला असता तर तो आपल्याला दारातूनच दिसला असता. पाना घेऊन हिंडणाऱ्या माणसाकडून असलं काम होत नाही." मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाले, "तुम्ही इथे बरीच वर्षं आहात, मादाम. त्याने फक्त पाणी पुसलं असेल, हो ना?"

मला एकच शब्द म्हणायचा होता. वी. कास्मिरने फादरपुढे म्हटला होता तोच. वर गौरांगीच्या हातातला दिवा स्थिर झाला होता. केळी माझ्यासमोर होती.

पण 'पाना घेऊन हिंडणारा माणूस' हे माझ्या कानातून डोक्यात गेलं आणि तिथे पेटलं. माझ्या माणसाला, माझ्यासमोर, त्याच्याच कामाखाली उभं राहून!

"बनान!" मी ओरडले. "काकड्या नाहीत त्या, मस्यू! बनान! राजेळी! माझ्या नवऱ्याने केलीत ती, ह्या बाजूचं अर्धं त्याने केलंय, आणि तुम्हाला वीस वर्षांत कळलं नाही!"

मग गिमोंनी मफलर काढून ठेवला, शिडी चढले, चष्मा कपाळावर घेऊन कितीतरी वेळ जवळून पाहत राहिले. बोटाने एका केळ्याच्या कडेवरून हळूच गेले. खाली आले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुमचा नवरा उस्ताद होता, मादाम." त्यांचे डोळे ओले होते. बाकीचे लोक फोटो काढायला लागले. कुणीतरी नावाचं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं.

खरं सांगते, कास्मिर गेल्यापासून एवढा आनंद मला झाला नव्हता. तो अर्धा तास मी सिंहासनावर बसल्यासारखी होते. गौरांगी खाली आली नाही. मला वाटलं, लाजलीय.

घरी येताना ठरवलं, डिम्पलला आत्ताच काही सांगायचं नाही. नाव लागलं की ईस्टरला एकदम इथे आणून दाखवायचं. काय वेडी बाई मी.

नोव्हेंबरमध्ये पत्र आलं. अत्यंत सभ्य पत्र. कास्मिर तुस्कानो यांच्या कौशल्याबद्दल समितीला नितांत आदर, त्यांच्या नावाची नोंद चॅपलमध्ये कायमस्वरूपी केली जाईल. आणि त्यांनी घातलेली भर मूळची नसल्याने काढण्यात येईल.

मी मेट्रो पकडून गिमोंच्या ऑफिसात गेले. कोटसुद्धा काढला नाही. म्हटलं, मी खोटं बोलले. मी म्हातारी आहे, नवरा गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, त्याने फक्त पाणी पुसलं. फक्त पाणी पुसलं, मी तीनदा म्हटलं. बाहेर आल्यावर त्या तीनदाची मला लाज वाटली, पण तेव्हा नाही वाटली. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"मादाम, आता नाही म्हणून उपयोग नाही," ते म्हणाले. "मी रोज बघतो त्याच्याकडे. एकदा कळल्यावर दिसतं. आता मला दुसरं काही दिसतच नाही."

कास्मिर हेच म्हणाला होता. निळ्या ताडपत्रीच्या आत, फडक्याला हात पुसताना.

फेब्रुवारीत काढायचं काम झालं. गौरांगीने ते स्वतःकडे मागून घेतलं. मी त्या दिवसांत गेले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या घरी आली, बूट काढले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. हातांना पांढरं लागलेलं तसंच.

"मला अख्खा घड काढायचा होता, काकू. तुमच्यासाठी. एका दिवसाचं काम धरलं होतं. मूळची माळ साध्या पात्याने सुटते, इतकी भुसभुशीत झालीय. काकांचं सुटेना. तीन दिवस लागले. शेवटी छिन्नीच घ्यावी लागली."

"म्हणजे तुकडे झाले."

"तुकडे झाले. नंबर घालून समितीच्या स्टोअरमध्ये ठेवलेत." तिने चहाला हात लावला नव्हता. "सॉरी."

"तू कशाला सॉरी म्हणतेस?" मी म्हटलं. मग विचारू नये ते विचारलं. "मागच्या बाजूला काही लिहिलं होतं का गं? कारागीर लिहितात ना कधीकधी. भिंतीकडच्या अंगाला, कुणाला न दिसेल असं. नाव, तारीख..."

"मी टॉर्च लावून एकेक तुकडा पाहिला, काकू. काही नव्हतं."

म्हणजे अंधारातसुद्धा त्याने लिहिलं नव्हतं. त्याला खरोखरच नको होतं. हवं होतं ते मला, आणि ते मी त्याच्या नावावर मागितलं.

ईस्टरला डिम्पल ओकव्हिलहून आली. एकटीच, सहा तास गाडी चालवून. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. आधी आनंद साठवून ठेवला म्हणून, आणि नंतर सांगणार काय म्हणून. मिस्सा संपली, लोक बाहेर कॉफीला गेले. ती मला फुलं उचलायला मदत करत चॅपलमध्ये आली आणि पाटीपुढे थांबली.

"मम्मा! दॅट्स पप्पाज नेम!"

तिने मोठ्याने वाचलं. मग आवाज हळूहळू खाली आला. डाव्या माळेचा खालचा भाग, कास्मिर तुस्कानो, दोन हजार चार. नंतरची भर म्हणून काढण्यात आला. ती वर वळली. देवदूत, मारियेची लांब मान, पंखवालं बाळ, त्याच्या हातातली माळ. माळ निम्म्यावर येते आणि तिथून खाली गुळगुळीत फिका पट्टा. कुणी फसू नये म्हणून.

"काय होतं तिथे?"

"राजेळी," मी म्हटलं. "गासच्या आजोबांच्या वाडीतली. तुझ्या पप्पांनी केलेली." आणि मग तिथेच, फुलं हातात धरून, सगळं सांगितलं.

ती बाकावर बसली. पहिल्याच, माझ्याच. "मी दर संडेला इथे बसायचे," ती म्हणाली. "होल मास मी त्याच्याकडे बघायचे. आय वॉज सो बोअर्ड, मम्मा. आय थॉट दे वर कुकंबर्स."

मी हातातली फुलं बाकावर ठेवली.

"यू नेव्हर टोल्ड मी."

"पप्पांनी सांगितलं होतं, कुणाला सांगू नको. तुलासुद्धा नको."

"मी बारा वर्षांची होते तेव्हा," डिम्पल म्हणाली. "आता मी तेहतीसची आहे. आणि त्या लोकांना तू सांगितलंस."

जो शब्द मोडायचा होता तो मी पाळला, आणि पाळायचा होता तो मोडला.

तिने फोन काढला. मला वाटलं पाटीचा फोटो घेईल. तिने घेतला नाही. त्या मोकळ्या पट्ट्याचा घेतला, मग फोन खाली ठेवून बाकावर सरकली आणि मला शेजारी जागा केली.

"नीट सांग," ती म्हणाली. "किती केळी होती?"

"सात," मी म्हटलं. "सगळ्यांत खालचं एक थोडं उकललेलं होतं."